कंगालखान्याची गाठवाली

आक्का, तुला वाचता येत नव्हतं, म्हणून हे लिहायचा धीर होतोय. वाचता येणाऱ्या माणसाला मी कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत. गावाला पत्र टाकायचं तरी हे लिहायचे आणि मी खाली नुसतं नाव घालायची. मुलीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, ती घेतलीत. माझं अक्षर बघून तू म्हणायचीस, "मुंग्यांची रांग बरी सरळ चाललीय गं सुमे." चौथीपर्यंत शिकले, त्याचा एवढा मान मला दुसऱ्या कुणी दिला नाही.

तुला जाऊन आज सतरा दिवस झाले. जे सांगायचं ते आधीच सांगते, नाहीतर पानं संपतील आणि ते राहूनच जाईल. शेवटचे चार दिवस तुझे हात बांधलेले होते, ते मी बांधले होते. मेट्रनबाईंनी सांगितलं हे खरं. पण गाठ माझ्या बोटांनी मारली. तुला ते कळलं होतं का? तू मला ओळखत नव्हतीस, असं सगळे म्हणतात. मला तेवढ्यावर झोप लागत नाही.

सहा वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा आले तो दिवस आठवतो. गिरणीच्या संपात ह्यांची नोकरी गेली होती, घरात दोन पोरं. भांडुपच्या आमच्या चाळीतल्या एका बाईने सांगितलं, मुलुंडला डोंगराच्या बाजूला म्हाताऱ्या माणसांचं नर्सिंग होम आहे, तिथे आया लागतात. मी रिक्षावाल्याला नर्सिंग होम म्हटलं, तर तो म्हणाला, "कंगालखाना बोलो ना." पूर्वी तिथे रस्त्यावरच्या भिकाऱ्यांना ठेवायचे, ते नाव अजून चिकटून होतं. फाटकाशी उभी राहिले. आत कुणाला विचारायचं, काय विचारायचं, काही सुचेना. अर्धा तास तरी उभी असेन. तू चादरींचं गाठोडं घेऊन जात होतीस. थांबलीस.

"काय गं, कामाला आलीस का दाखल व्हायला?"

"कामाला."

"मग ये की आत. दाखल व्हायला अजून लई टाईम हाय तुला."

त्या दिवसापासून माझं बोलणं तूच बोललीस. पगार कमी आला तर हिशेबनिसाकडे तू गेलीस. माझी धाकटी गोवराने आजारी होती तेव्हा रजा तू मागितलीस. मी मागे उभी राहून नुसती मान हलवायची. मेट्रनबाई एकदा चिडून म्हणाल्या, "हिला जीभ दिलीय का नाही देवाने?" तू म्हणालीस, "दिलीय, पण ती जेवायला वापरते." सगळ्या हसल्या. मीसुद्धा.

आणि जेवायचं म्हणजे काय, तर सुकटीची चटणी. ट्रस्टी सगळे शाकाहारी. अंडं आणलं तरी नोकरी जाईल असं शेवंता सांगायची. ती आपल्यासारखीच आया, पण सगळे नियम तिला पाठ. मी डब्यात चटणी आणायची, आणि आपण दोघी धोब्याच्या दगडामागे बसून भाकरीशी खायचो. तू बोटं चाटून म्हणायचीस, "वास आला तर दोघींनाबी हाकलतील. हाकलू देत. पोट तरी भरलं असंल." घाटावरची तू, तुला मासळीची सवय कुणी लावली विचारलं, तर म्हणालीस, "कंगालखान्यात आलेल्याला कसली जात नि कसली सवय. ताटात पडंल ते."

तू सहा वर्षांची असताना तुझ्या आईबरोबर तिथे आलीस. तापाच्या साथीत तुझे वडील गेले, गाव सुटलं, दोघी मुंबईला आलात. रस्त्यावर बसलेल्या माणसांना गाडीत घालून आणायचे आणि त्या दगडी बराकींत ठेवायचे. कुणा शेठने पुण्य म्हणून बांधलेल्या. बाया एका बराकीत, पुरुष दुसरीत, पोरं अंगणापलीकडे तिसरीत. गळ्यात पत्र्याचा बिल्ला, त्यावर नंबर. बराकीवर देखरेख करणारी जमादारीण नंबराने हाक मारायची. माणूस मेलं की तोच बिल्ला धुऊन पुढच्याच्या गळ्यात. हे सगळं तू मला पहिल्या वर्षी सांगितलं नाहीस. पहिल्या वर्षी तू मला फक्त भुतं सांगितलीस.

किती भुतं होती तुझ्याकडे! दुपारी स्वयंपाकघरात पातेल्याचा तळ खरवडणारा म्हातारा. फाटकाशी स्वतःचा बिल्ला शोधणारी पोरगी. पण सगळ्यांत दरारा गाठवालीचा. नवी आया आली की पहिल्याच दिवशी तू तिला वॉर्डाच्या मधोमध उभं करून सांगायचीस. हिथं एक बाई हाय. कुणी पेशंटाचे हात बांधले, पाय बांधले, की ती येती. पेशंटाला काय करत न्हाई. बांधणारणीकडं येती. तिच्या पदराला अशी गाठ मारती की ब्रह्मदेवाला सुटायची न्हाई. आणि ती गाठ सुटली न्हाई तर त्या बाईचं लेकरू चालता चालता पडतं.

शेवंता हसली होती. तिने आठ नंबरच्या गुजराती आजींना पट्टीने खाटेला बांधलं, कारण त्या लुगडं सोडून टाकायच्या. दुसऱ्या दिवशी दुपारी पेशंटांची जेवणं झाल्यावर आपण आया व्हरांड्यात चटईवर पडलो होतो. शेवंता उठली ती किंचाळतच. नव्या साडीचा पदर, आणि त्याला सुपारीएवढी गाठ. दात लावले, सुई घातली, शेवटी कात्रीने टोक कापावं लागलं. "भावाने भाऊबीजेला दिली होती गं!" म्हणून रडली. मग आठ नंबरकडे गेली आणि पट्टी सोडून आजींच्या पाया पडली. आजी तिला म्हणाल्या, "दीकरी, चा लावजे." पाया पडणारीला चहा आणायला पाठवलं, एवढी मजा! पण त्या दिवसापासून आपल्या वॉर्डात कुणी कुणाला बांधलं नाही. बाकीच्या ठिकाणी बांधतात. मी ऐकलंय. आपल्याकडे नाही.

माझा गाठवालीवर विश्वास होता. पुरता होता. मग एका दुपारी मला झोप लागली नाही. कूस बदलली तर तू दिसलीस. सकाळी एका पेशंटाला बांधायला निघालेल्या नव्या बाईच्या पदराशी गुडघे टेकून बसली होतीस. जीभ दातांत धरून, लाकडाच्या मोळीला मारतात तशी गाठ आवळत होतीस. तुझी माझी नजर एक झाली. तू ओठांवर बोट ठेवलंस.

नंतर चादरींच्या खोलीत मला नेऊन बसवलंस. वॉर्डाच्या भिंतीत खाटेच्या उंचीवर ओळीने लोखंडी कड्या आहेत ना, ऑइलपेंटने रंगवलेल्या, ज्यांना आता लोक थर्मास आणि पिशव्या अडकवतात. सगळे म्हणतात इथे पूर्वी तबेला होता. तू म्हणालीस, तबेला नव्हता. संध्याकाळी बायांना त्या कड्यांना बांधायचे. तुझी आई अंगण ओलांडून पोरांच्या बराकीकडे पळायची, तुला बघायला, म्हणून तिला रोज बांधायचे. तू पलीकडच्या खिडकीत उभी. ती हाक मारायची, तू ओ द्यायचीस. एक दिवस हाक आली नाही.

मी विचारलं, "कुठली कडी?"

"ते कुठं ठावं हाय? आमाला आत कोण सोडत हुतं? मी मोठी झाल्यावर हिथं कामाला लागले, तवा समद्या कड्या बघितल्या. एकबी सांगंना."

तू रडली नाहीस. मी रडले. आणि मग तुझ्याशी भांडले. आयुष्यात मी तुझ्या एकटीशीच भांडले असेन.

"म्हणजे गाठवाली खोटी?"

"खोटी."

"आणि बाकीची?"

"आगं, भूत-बित काय नसतंय. मेलेलं माणूस गप पडतंय. माझी माय यायची असती तर हिथं कामाला लागल्यापासनं चाळीस वर्सांत एकडाव आली नसती?"

"आमच्या कोकणात असतात. माझ्या काकाने पाहिलंय."

"तुमच्या कोकणात माणसांपरीस भुतंच जास्त. म्हणून तर तुमी समदी हिकडं आलात."

मला हसू आलं, पण राग गेला नाही. मी म्हटलं, "मला कशाला सांगितलंस? मला भीती होती ती बरी होती."

तू म्हणालीस, "कुणीतरी फुडं चालवाया नको? मी गेल्यावर गाठी कोण मारंल? तू गरीब हायस, तुझ्यावर कोण वहीम घेणार न्हाई."

मी म्हटलं, मला जमणार नाही. मला खरं बोलता येत नाही, खोटं कुठून बोलू? तू म्हणालीस, बघू. दर दोन-चार महिन्यांनी तू तो विषय काढायचीस आणि मी उठून जायची. त्याचा निकाल लागलाच नाही.

मग तूच विसरायला लागलीस. आधी वारांची नावं, मग पेशंटांची. काम थांबलं, ट्रस्टने तुला कोपऱ्यातली खाट दिली. दाखल झालीस तू, माझ्याआधी. मी तुझी वेणी घालायची, पेज भरवायची. कधी ओळखायचीस, कधी मला "ए नवी" म्हणायचीस. आणि सकाळ-संध्याकाळ एकच. खाटेवरून उतरायचं आणि अंगणाकडे चालायला लागायचं, जिथे पोरांची बराक होती. आता तिथे जनरेटर आहे. मी हात धरून परत आणायची. दोनदा पडलीस. दुसऱ्या वेळी कपाळाला सहा टाके. डॉक्टर म्हणाले, आता पडली तर खुबा मोडेल, या वयात तो बसत नाही.

तो रविवार. दोन आया लग्नाला गेल्या होत्या. चौदा पेशंट, मी आणि शेवंता, आणि झाडूवाली. दोघांना सलाईन, एकाला उलट्या. तू सकाळपासून पाच वेळा उतरलीस. मेट्रनबाई स्वतः बेडपॅन उचलत होत्या, त्यांना मी वाईट म्हणणार नाही. त्या म्हणाल्या, "शेवंता, आक्काला बांध. दुपारपर्यंत."

शेवंताने कानाला हात लावले. "मी नाय बांधणार बाई. पोरं आहेत मला."

"झाडूवालीला सांग."

"नको बाई, गाठवाली येती," झाडूवाली लांबूनच म्हणाली.

मग मेट्रनबाईंनी माझ्याकडे बघितलं.

त्या वॉर्डात तुझे हात बांधू शकणारी मी एकटीच होते, आक्का. कारण तू मला खरं सांगितलं होतंस. बाकी सगळ्यांपासून तुझ्या गोष्टीने तुला वाचवलं. माझ्यापासून नाही वाचवलं. आणि नाही म्हणायला मला तुझ्यासारखी जीभ नाही. तू असतीस तर माझ्यावतीने तूच नाही म्हणाली असतीस.

तुझ्याच जुन्या लुगड्याचा काठ फाडून घेतला. मऊ होता. मी खाटेशी आले, तू बघितलंस. मला वाटलं ओरडशील, चावशील. तू दोन्ही मनगटं पुढे केलीस. आणि लहान पोराच्या आवाजात म्हणालीस, "जमादारीणबाई, मी शान्यावानी बसते. हलत न्हाई."

मी थांबले. देवाशपथ थांबले होते. मागून मेट्रनबाईंचा आवाज आला, "सुमन, लवकर गं, सहा नंबर उलटी करतोय." मी गाठ मारली. सैल, बोट जाईल एवढी. मग सहा नंबरकडे गेले.

दुपारपर्यंत म्हणाल्या होत्या. सोमवारी आया आल्या नाहीत. मंगळवारी त्या आल्या, पण तोवर वॉर्डाला सवय झाली होती. तू एकदाही ओढाताण केली नाहीस. भरवताना मी सोडायची, तर तू हात तसेच जोडून ठेवायचीस. मी ते वेगळे करायची. मांडीवर ठेवायची. माझी पाठ वळली की परत एकावर एक. बुधवारी तू पेज तोंडात धरून ठेवलीस, गिळली नाहीस. गुरुवारी अकराच्या सुमाराला मी दुसऱ्या खाटेशी पाणी देत होते, शेवंता म्हणाली, "सुमन, आक्काचं बघ." डॉक्टर म्हणाले छातीत कफ, वय झालं होतं. असेल. ते शिकलेले आहेत.

गाठ सैल होती. तरी मला ती सुटेना. बोटं कापडावरून नुसती घसरत होती. शेवंता जवळ यायला तयार नव्हती. शेवटी कात्री आणली.

स्मशानात कारकुनाने विचारलं, "मयताच्या तुम्ही कोण?" काय सांगू? बहीण म्हणू? मुलगी म्हणू? जिने बांधलं ती म्हणू? मागे माणसं खोळंबली होती. त्याने आपणहून लिहिलं, "ओळखीची."

तेव्हापासून दुपारी आया झोपल्या की मी पण चटईवर पडते, पदर पसरून, मुद्दाम. डोळे मिटते. उठल्यावर आधी पदर चाचपते. सतरा दिवस. काही नसतं. भुतांवरून तू मला चाळीस वेळा हरवलंस, आता एकदा तरी मला जिंकू दे, आक्का. एक गाठ मार. एवढी तरी दे. माझ्या लेकरांचं नाव मधे घेऊ नकोस, बाकी मला काय करायचं ते कर. तू गप पडलीस, हे मला सोसत नाही.

शेवंता पण माझा पदर बघायची. आठवडाभर बघितला तिने. मग म्हणाली, "तुला काय झालं नाय गं?" मी मान हलवली. तिने माझ्या पदराचं टोक उलटसुलट करून बघितलं. मग म्हणाली, "म्हणजे गेली वाटतं गाठवाली. आक्काबरोबर गेली." तिच्या आवाजात सुटका होती. तू चाळीस वर्षं उभी केलेली बाई मी चार दिवसांत घालवली.

आणि परवा पट्टे आले. कापडी, आतून मऊ, पितळी बकलाचे. सहा जोड. मेट्रनबाईंनी टेबलावर मांडून दाखवले. म्हणाल्या, "तुमची ती बाई गाठ मारणाऱ्यांना धरते ना? यात गाठच नाही. आता कुणी तक्रार करू नका." सगळ्या हसल्या. शेवंता बकल लावून बघत होती, उघडत होती, लावत होती. "एका हाताने होतं गं!" एवढी खूष, जसं काही बांगड्याच आणल्यात. टोकाला एक लोखंडी आकडा आहे. तो कुठे अडकवायचा म्हणून त्या इकडेतिकडे बघायला लागल्या. मग झाडूवालीलाच सुचलं. भिंतीतल्या कडीत तो बरोब्बर बसला.

मी चहाच्या वेळी शेवंताला सांगायचं ठरवलं. तुझी आई, अंगण, हाका, सगळं. भूत नाही, खरं काय ते. तोंड उघडलं.

"काय गं?" ती म्हणाली.

"काही नाही. चहा गार झाला."

बघ, ही अशी आहे मी. तू आयुष्यभर गोष्ट जपलीस आणि ठेवायला दिलीस ती अशा बाईकडे.

आज निघताना मेट्रनबाईंनी थांबवलं. सहा नंबरचे आजोबा, पोस्टात होते ते, दुपारी उठून ऑफिसला निघतात. दार उघडं दिसलं की चालू पडतात. मेट्रनबाई म्हणाल्या, "उद्यापासून त्यांना पट्टा लावू. तूच लाव, सुमन. तुझा हात हलका आहे. आक्कानेसुद्धा कधी कुरकुर केली नाही."

मी मान हलवली का, मला आठवत नाही. हलवली असेल. सवय आहे.

घरी आल्यावर भात टाकला. हे दारात बसून उद्याच्या ड्युटीसाठी बुटाला पॉलिश करत होते. पोरं खाली खेळत होती. उद्या मी काय करीन, मला माहीत नाही. नोकरी गेली तर काय, तेही माहीत नाही. ह्यांचा वॉचमनचा पगार तुला ठाऊक आहे. आणि पट्टा नाही लावला तर आजोबांपाशी कुणीतरी बसायला हवं, बाकीचे कुणी बघायचे, याला माझ्याकडे उत्तर नाही. तुझ्याकडे असतं. किंवा नसतं आणि तू तसं दाखवलं नसतंस.

भिंतीकडे तोंड करून मी एकदा म्हणून बघितलं. "मी नाही लावणार." आवाज इतका बारीक आला की मलाच नीट ऐकू गेला नाही.

ह्यांनी मान वर केली. "काय म्हणालीस?"

मी परत म्हटलं.